वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता

अजिंठ्याची लेणी आपल्या शहरातील बहुतेक भगिनींनी पाहिलेली असतात. पाहुणे आले की जावेच लागते. तेथील सोळाव्या लेण्यात वाशीमच्या वाकाटक राजांची वंशावळ कोरलेली आहे. पण त्यांच्याच भाऊबंदांचे विदर्भातील राज्य ज्या बाईने निदान तेरा वर्षे सांभाळले, तिची ओळख फार थोड्यांना असते. म्हणून मी हे चार शब्द लिहीत आहे.

प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातील कुबेरनागा यांची कन्या. तिला वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. सोयरिकीत बापाचे राजकारण होतेच. माळवा-गुजरातच्या क्षत्रपांशी लढताना दक्षिणेचा शेजारी आपलासा असलेला बरा! रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान. तेव्हा पाचव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनाहून, युवराज दिवाकरसेनाच्या नावे ती कारभार पाहू लागली. पुढे ४२५ साली पश्चिम रोमन साम्राज्यात गाला प्लासिडिया या राजमातेवर सहा वर्षांच्या मुलासाठी हीच वेळ आली.

प्रभावतीचा एक ताम्रपट पुण्यातील एका तांबटाकडे मिळाला. (मोडीत गेला नाही, हे आपले नशीब!) तेराव्या वर्षी, कार्तिकी एकादशीचे पारणे फेडण्याच्या द्वादशीला, एका आचार्यांना गाव दिल्याचा तो लेख आहे. त्यात ती वाकाटकांची पट्टराणी व युवराजाची आई म्हणून उभी आहे; पण वंशावळ दिली आहे माहेरची आणि गोत्रही बापाचेच, धारण. आपले गोत्र मांडवातच बदलते, हे येथे आठवावे.

यावरून काही इतिहासकार म्हणतात की, खरी सत्ता गुप्तांचीच होती. मला हे पुरते पटत नाही. दिवाकरसेन राजा झालेला दिसत नाही. तो अकालीच गेला असावा. पुढे दामोदरसेन व प्रवरसेन हे पुत्र महाराज झाले. प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षीचा तिचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडला. बाप तेव्हा हयात नसावा, कारभार मुलाच्या हाती होता, आणि तरीही या वृद्ध राजमातेने गोत्र तेच लिहविले. तिच्यावर सक्ती करणारे तेव्हा कोण उरले होते?

अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख बराच झिजलेला आहे; लेकीने आईच्या पुण्यासाठी प्रभावतीस्वामी या नावाने देव स्थापिला, असे विद्वान त्यावरून वाचतात.