सीताफळावर गाणे लिहिणारा राजा



राजा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. पण मी आज ज्या राजांची माहिती सांगणार आहे, त्यांचे नाव राहिले ते छिन्नीमुळे आणि गाण्यांमुळे. आपल्या देशाच्या पूर्वेला थायलंड आहे. पूर्वी त्याला सयाम म्हणत. तिथल्या या राजांना आता दुसरे राम म्हणतात. त्यांच्या घराण्यातल्या सगळ्या राजांना असे रामाचे नाव आणि आकडा लावतात.

१७६७ साली ब्रह्मदेशाच्या फौजेने सयामची राजधानी अयुथ्या जाळली. देवळे, ग्रंथ, कारागीर, सगळ्यांची दाणादाण झाली. त्याच सुमारास, २४ फेब्रुवारी या दिवशी, अम्फवा गावी या राजांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना छिम म्हणत. पुढे १७८२ साली त्यांचे वडील राजे झाले आणि त्यांनी बँकॉक ही नवी राजधानी केली. १८०९ साली वडील वारले, तेव्हा छिम गादीवर बसले.

जळालेली घरे पुन्हा बांधता येतात. पण गाणी, नाच, कोरीव काम लोक विसरले तर पुन्हा शिकवणार कोण? म्हणून राजांनी या कामात लक्ष घातले. आपले रामायण तिकडे रामकियन या नावाने आहे. ते नाचून दाखवता येईल असे त्यांनी नव्याने लिहिले. सुंथोन फू नावाच्या सामान्य घरातल्या कवीला दरबारात मान दिला. ते स्वतः तीन तारांचे वाद्यही वाजवत.

बँकॉकला वाट सुथात नावाचे मोठे देऊळ आहे. त्याच्या सागवानी दरवाजावर राजांनी स्वतःच्या हाताने कोरीव काम सुरू केले. त्यात झाडे, वेली आणि रानातले प्राणी आहेत. बाकीचे काम कारागिरांनी पुरे केले. तसा दरवाजा दुसरा होऊ नये म्हणून हत्यारे नदीत टाकली, अशी कथा लोक सांगतात. खरे-खोटे कोण जाणे! पण राजाने हातात छिन्नी धरली, त्याला ते काम हलके वाटले नाही, हे मला फार आवडले.

आता दुसरे कोरीव काम ऐका. ते लाकडावर नाही, फळांवर! सयामच्या राजवाड्यात बायका कलिंगड, पपई, काकडी, मुळा यांवर फुले-पाने कोरत. त्यासाठी पातळ, टोकदार पात्याची छोटी सुरी लागते. ती पेन्सिलीसारखी धरतात. आधी मधोमध एक गोल, मग त्याच्याभोवती पाकळ्या. पाकळीच्या मागचा गर तिरपा कापून काढला, की पाकळी उठून दिसते. कलिंगडाला तर रंग द्यावाच लागत नाही बरं का! वर हिरवा, मध्ये पांढरा, आत लाल. कोरलेल्या भाज्या सुकू नयेत म्हणून गार पाण्यात ठेवतात.

राजांनी नावाड्यांच्या चालीवर म्हणायचे एक लांब गाणे लिहिले. त्यात जेवणातले पदार्थ, फळे आणि मिठाई आहे. आणि फळांत चक्क आपले सीताफळ आहे! बिया काढलेले, साल अलगद सोललेले. डाळिंबाचे दाणे आहेत. सुरीने नक्षी पाडलेले फळही आहे. एकेक पदार्थ पाहून राजांना तो करणारीची आठवण येते. ती म्हणजे राणी बुनरोत, असे तिकडे मानतात. स्वयंपाकात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

सीताफळाच्या बिया काढायला किती वेळ लागतो, ते आपल्याला ठाऊक आहे. आमची आई पाहुण्यांसाठी तासभर बसून गर काढते. पाहुणे दोन मिनिटांत वाटी रिकामी करतात. गर कुणी काढला, हे कोण विचारतो? या राजांनी मात्र ते गाण्यात लिहून ठेवले. लाकडी दरवाजा दोनशे वर्षे टिकला, पण कोरलेले फळ दोन दिवसही टिकत नाही. ते कोरणाऱ्या बहुतेक बायकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. गाण्यामुळे निदान त्यांच्या हातांचे काम तरी आपल्याला कळले.

२१ जुलै १८२४ रोजी राजे वारले. बुनरोत राणींचे दोन मुलगे, मोंगकुत आणि पिनक्लाव, पुढे दोघेही राजे झाले. १९३२ साली तिथे राजांची पूर्ण सत्ता संपली. पण फळे कोरण्याची कला संपली नाही. ती वाड्याबाहेर आली आणि आता तिकडच्या शाळांतही शिकवतात. राजांचा जन्मदिवस, २४ फेब्रुवारी, थायलंडमध्ये राष्ट्रीय कलाकार दिन म्हणून पाळतात.

मित्रांनो, आपल्याला गाणे लिहिता आले नाही तरी चालेल. पण आज जेवायला बसल्यावर एवढे तरी विचारा, की ही भाकरी कुणी थापली आणि ही चटणी कुणी वाटली. आणि जेवण झाल्यावर आपले ताट आपण घासा!