विश्लेषण : न खोदता भूगर्भ ‘पाहता’ येतो, तो कसा? जॉन कार्चर यांनी काय शोधले?

जमिनीखाली काय आहे, हे विहीर खोदल्याशिवाय कळत नसे, त्या काळात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लॅरेन्स कार्चर (१८९४-१९७८) यांनी प्रतिध्वनीवरून खडकांच्या थरांची खोली मोजून दाखवली. भूकवचाच्या वरच्या भागातील प्राचीन रचना समजून घेण्यासाठी आज हेच तंत्र जगभर वापरले जाते. मात्र ते सिद्ध झाले, तेव्हा त्याला कोणी विचारले नाही.

कल्पना कुठून आली?

इंडियाना राज्यात जन्मलेले कार्चर ओक्लाहोमात वाढले आणि तिथल्याच विद्यापीठात शिकले. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे आवाजावरून शत्रूच्या तोफांची जागा शोधण्याचे काम होते. तोफेचा आवाज हवेतून येतो, तसा तिचा धक्का जमिनीतूनही येतो. जमिनीतल्या लहरी खडकांच्या थरांवर आदळून परतत असतील, तर परतीच्या वेळेवरून थराची खोली काढता येईल, असा तर्क त्यांनी मांडला.

तंत्र काय आहे?

जमिनीत छोटा स्फोट करतात. लहरी एका खडकातून वेगळ्या घनतेच्या आणि वेगळ्या लहरीवेगाच्या खडकात शिरताना त्यांचा काही भाग परावर्तित होतो. तो पृष्ठभागावरील संवेदक टिपतात. लहरींचा वेग सेकंदाला ३,००० मीटर असेल आणि प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर थर १,५०० मीटर खोल आहे. अशा शेकडो नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की थरांच्या घड्या आणि प्रस्तरभंग दिसू लागतात.

पहिली चाचणी तिथेच का?

जून १९२१ मध्ये ओक्लाहोमा सिटीजवळ पहिले प्रयोग झाले. नंतर कार्चर आणि त्यांचे सहकारी आर्बकल डोंगरात गेले. तिथे जुने थर तिरके होऊन जमिनीवर उघडे पडले आहेत. म्हणजे जमिनीखाली काय असणार, हे भूवैज्ञानिकांना आधीच ठाऊक होते. उत्तर माहीत असलेल्या गणितावरच यंत्राची परीक्षा घेतली गेली. ९ ऑगस्ट १९२१ रोजी सिल्व्हन शेल आणि त्याखालचा व्हायोला चुनखडक यांची सीमा नोंदवली गेली. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची ही खूण प्रथमच प्रतिध्वनीवरून कागदावर उमटली आणि ती ज्ञात भूरचनेशी जुळली.

मग कंपनी का बुडाली?

त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. तेलच स्वस्त, तर ते शोधायला पैसा कोण घालणार? कंपनी गुंडाळावी लागली आणि कार्चर पुन्हा नोकरीकडे वळले. १९२५ मध्ये भूवैज्ञानिक एव्हरेट डीगोलियर यांनी त्यांना परत आणले आणि नवी कंपनी त्यांच्याकडे सोपवली. १९२८ मध्ये ओक्लाहोमातील सेमिनोल परिसरात याच तंत्राने दाखवलेल्या जागी तेल लागले. तेही त्याच व्हायोला चुनखडकात!

पुढे काय झाले?

१९३० मध्ये कार्चर आणि यूजीन मॅक्डरमॉट यांनी ‘जिओफिजिकल सर्व्हिस’ ही कंपनी काढली. १९४१ मध्ये ती सहकाऱ्यांच्या हाती गेली आणि पुढे तिचेच नाव ‘टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स’ झाले.

तंत्राच्या मर्यादा काय?

नोंदीत मिळतो तो वेळ, खोली नव्हे. खडकातील लहरींचा वेग चुकीचा धरला, तर थर भलत्याच खोलीवर दिसतो. शिवाय या तंत्राने रचना दिसते, तेल नाही. खात्री विहीर खोदूनच करावी लागते. अरबी समुद्रातही हाच क्रम होता. १९६०च्या दशकातील भूकंपलहरी सर्वेक्षणांत मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखालचा उंचवटा दिसला. तिथे तेल असल्याचे मात्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने विहीर खोदल्यावरच सिद्ध झाले. तेच बॉम्बे हाय.