मेजावरची चांदीची आगगाडी आणि चंबळचा दोन फुटी रूळ : महाराजा माधवराव शिंदे यांची कहाणी

ग्वाल्हेर : जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात लांबलचक मेजावर चांदीचे रूळ अंथरलेले आहेत आणि त्यांवर एक चांदीची आगगाडी उभी आहे. राजवाड्यातील संग्रहालय पाहायला येणारे पर्यटक या गाडीपुढे हमखास रेंगाळतात. राजेशाहीच्या विलासाचा नमुना म्हणून ती पाहिली जाते, आणि ते चूकही नाही. मात्र ज्या राज्यकर्त्याने ही गाडी मेजावर फिरवली, त्यानेच चंबळच्या मागास भागात शेकडो किलोमीटर लांबीचा छोट्या मापाचा लोहमार्ग उभारला. त्या लोहमार्गाने शंभराहून अधिक वर्षे गोरगरीब प्रवाशांची ने-आण केली. ५ जून हा महाराजा माधवराव शिंदे यांचा स्मृतिदिन. त्यांच्या आयुष्यात खेळणे आणि राज्यकारभार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

मराठी वाचकांच्या मनात माधवराव शिंदे या नावाने बहुधा दुसरीच व्यक्ती उभी राहते. १९८० च्या दशकात केंद्रात रेल्वे राज्यमंत्री असलेले आणि १९८८ मध्ये नवी दिल्ली ते झाशी ही पहिली शताब्दी एक्स्प्रेस सुरू करणारे माधवराव हे या महाराजांचे नातू. आजोबा आणि नातू यांचे नाव एक, आणि रेल्वेशी जुळलेले नातेही एक. मात्र आजोबांचा काळ वेगळा होता. तेव्हा आगगाडी ही अजून नवलाईची वस्तू होती.

साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून निघालेल्या शिंदे घराण्याने अठराव्या शतकात राणोजी आणि महादजी यांच्या पराक्रमाने माळव्यात व ग्वाल्हेरीत पाय रोवले. या घराण्यात २० ऑक्टोबर १८७६ रोजी माधवरावांचा जन्म झाला. वडील जयाजीराव यांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधून घेतला होता. आग्र्याहून ग्वाल्हेरला येणाऱ्या, १८८१ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गासाठी त्यांनी पैसाही पुरवला होता. जून १८८६ मध्ये जयाजीराव निवर्तले, तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. कारभार प्रतिनिधी मंडळाकडे गेला. डिसेंबर १८९४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली.

तरुण राजाला यंत्रांचे वेड होते. इंजिन चालवणे हा त्यांच्या आवडीचा उद्योग होता, आणि वाफेच्या इंजिनाची मूठ ते स्वतः धरीत. संस्थानिकांच्या छंदांच्या यादीत शिकार, घोडे आणि जवाहिर यांना मानाचे स्थान असण्याचा तो काळ. त्यात कोळशाच्या धुराने हात काळे करणारा राजा वेगळा उठून दिसणारच. राजवाड्याच्या परिसरात दोन फूट मापाचे रूळ पडले ते या हौसेपोटी. दोन रुळांमधील अंतर अवघे ६१० मिलिमीटर. मोठ्या लोहमार्गाच्या तुलनेत हे अंतर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढे. पाहुण्यांना फिरवून आणावे, एवढाच त्या छोट्या गाडीचा आरंभीचा उपयोग होता.

येथवरची गोष्ट कोणत्याही हौशी संस्थानिकाची असू शकली असती. ग्वाल्हेरची गोष्ट येथून पुढे वळण घेते.

ग्वाल्हेर संस्थानाचा उत्तर भाग चंबळच्या खोऱ्यात होता. पावसाने कापलेल्या खोल घळी, विरळ वस्ती, धड रस्ता नाही, अशी तिथली स्थिती. दिल्ली-मुंबई मार्ग ग्वाल्हेर शहराला शिवून जात असला तरी भिंड, शिवपुरी, श्योपूर ही गावे त्यापासून दूर पडली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात उत्तर आणि मध्य हिंदुस्थान होरपळून निघाला. धान्य एका ठिकाणी असते आणि भूक दुसऱ्या ठिकाणी, हा दुष्काळाचा जुना अनुभव. धान्य वेळेवर पोहोचवायचे तर चाके हवीत आणि चाकांसाठी रूळ हवेत. मोठ्या मापाचा लोहमार्ग या मुलखात टाकणे खर्चाच्या दृष्टीने अवघड होते. दोन फुटी रुळांचे गणित मात्र जमण्यासारखे होते. हलके रूळ, लहान पूल, कमी मातीकाम, आणि जमिनीच्या चढउतारांशी जुळवून घेणारी तीव्र वळणे, असे या मापाचे फायदे. राजवाड्याच्या बागेत जे माप गमतीसाठी निवडले होते, तेच मागास मुलखाला परवडणारे माप ठरले.

१८९९ मध्ये ग्वाल्हेरहून एका दिशेला भिंडपर्यंत आणि दुसऱ्या दिशेला शिवपुरीपर्यंत गाडी धावू लागली. तिसरा फाटा सर्वांत लांब होता. तो १९०४ मध्ये सबलगडला आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरचे. दोन फूट मापाच्या रुळांवरील एवढा लांब सलग मार्ग जगात विरळाच. ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ या नावाने ही व्यवस्था ओळखली जाऊ लागली. बानमोर, सुमावली, जौरा, कैलारस या लहान गावांना तिने प्रथमच स्थानक, वेळापत्रक आणि बाजारपेठ दिली.

याच सुमारास जगात छोट्या आगगाड्यांचे वेगळेच युग सुरू झाले होते. जर्मनीतील मर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातील रुळांची मापे ठरवून दिली. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टन येथील बॅसेट-लोक ही कंपनी खऱ्या इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती करू लागली. अमेरिकेत जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० मध्ये लायनेल कंपनी स्थापन केली. त्यांची पहिली विजेची गाडी मुलांसाठी नव्हतीच. दुकानाच्या काचेआड माल फिरवून गिऱ्हाइकाचे लक्ष वेधणे एवढेच तिचे काम होते. लोकांनी मालाऐवजी गाडीच विकत मागितली आणि एक मोठा उद्योग उभा राहिला.

ग्वाल्हेरच्या मेजावरील गाडीही माल वाहण्यासाठीच घडवलेली. चांदीचे इंजिन आणि त्यामागे डबे. डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाच्या इंग्रजी लिपीतील सात अक्षरांपैकी एकेक अक्षर. डब्यांत पैलू पाडलेल्या काचेच्या मद्याच्या सुरया, शिवाय सुकामेवा आणि चिरूट. विजेवर चालणारी ही गाडी पाहुण्यांसमोरून सावकाश फिरे. कोणी सुरई उचलली की गाडी थांबे, आणि सुरई परत जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. सुरईच्या वजनाचा संबंध गाडीच्या चालण्याशी जोडण्याची ही युक्ती आजही प्रतिकृती घडवणाऱ्या हौशी कारागिरांना दाद द्यायला लावील अशी आहे. कारखान्यातून निघालेली ठरीव वस्तू जशीच्या तशी न वापरता ती आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेणे, हा त्या छंदाचा गाभा. तो येथे पुरेपूर दिसतो.

या गाडीच्या फजितीची कथाही प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉयसाठी दिलेल्या एका मेजवानीत विजेच्या तारांत बिघाड झाला, गाडी बेभान धावत सुटली आणि तिने पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपदार्थ उधळले, असे सांगितले जाते. कथेत तिखटमीठ किती आणि घटना किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी थट्टामस्करीची आवड असलेल्या या राजाच्या स्वभावाला ती शोभून दिसते.

पण माधवरावांच्या हौसेमागे हिशेबही असे. १९०० मध्ये चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णालय-जहाज सुसज्ज करून दिले आणि जनरल गॅसेली यांच्या हाताखाली ते स्वतः चीनला गेले. ब्रिटिश सत्तेशी असलेली ही निष्ठा त्या काळच्या संस्थानिकांची अपरिहार्य नीती होती. तिचे मूल्यमापन इतिहासाने आपल्या परीने केले आहे. याच राजाने देशी उद्योगांच्या पाठीशी उभे राहून जे केले ते मात्र कमी सांगितले जाते. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलाची निकड भासली, तेव्हा चार लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे त्यांनी एकट्याने घेतले. १९१४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज खरेदी करून महायुद्धात ‘लॉयल्टी’ या नावाने रुग्णसेवेसाठी दिले गेले. युद्धानंतर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या जहाज कंपनीने नावही ‘सिंदिया’ हेच घेतले.

शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी त्यांनी काढलेली शाळा आज ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सिंदिया स्कूल म्हणून नावाजलेली आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी घनश्यामदास बिर्ला यांनी ग्वाल्हेरात कापड गिरणी काढली. तिला जयाजीरावांचे नाव मिळाले.

घरगुती आयुष्यात मात्र सारे रुळांसारखे सरळ नव्हते. बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे यांच्याशी ठरलेला त्यांचा विवाह १९११ मध्ये वधूनेच मोडला. त्या काळी राजघराण्यांत ही अभूतपूर्व घटना होती. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह होऊन त्यांना कन्या कमलाराजे आणि १९१६ मध्ये पुत्र जिवाजीराव झाले. मुलगा नऊ वर्षांचा होण्याआधीच, ५ जून १९२५ रोजी, पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस होते. वडिलांप्रमाणे त्यांच्याही मागे अल्पवयीन वारस राहिला आणि राज्य पुन्हा एकदा प्रतिनिधी मंडळाकडे गेले. शिवपुरीत आईच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री उभी आहे. त्यांच्या छोट्या आगगाडीचा एक फाटा त्याच शिवपुरीपर्यंत जात असे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. शिवपुरीचा फाटा पुढे बंद पडला आणि भिंडचा मार्ग रुंद रुळांचा झाला. श्योपूरची गाडी मात्र चालत राहिली. दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास लागत. डब्यांच्या छपरावरही माणसे बसत. ज्या गावांना बसही धड नव्हती, त्यांचा भार ही बुटकी गाडी वाहत होती. मार्च २०२० मध्ये ती थांबली. आता त्या जागी रुंद मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू होत आहे. या मुलखाला त्याची गरज आहे, यात शंका नाही. दहा तासांचा प्रवास चार तासांत व्हावा असे वाटण्यात गैर काहीच नाही. चित्त्यांमुळे जगाच्या नकाशावर आलेल्या कुनोच्या जंगलाकडेही याच जिल्ह्यातून वाट जाते.

तरीही प्रश्न उरतो तो जतनाचा. अमेरिकेतील मेन राज्यातही १८७९ नंतर अशाच दोन फुटी लोहमार्गांचे जाळे पसरले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते बंद पडले. पण तिथल्या छंदिष्टांनी ते विसरू दिले नाही. एका फुटासाठी सात-अष्टमांश इंच हे प्रमाण धरून ते त्या इंजिनांच्या मोठ्या मापाच्या प्रतिकृती घडवतात. या प्रमाणात दोन फुटी मार्ग बरोबर ४५ मिलिमीटरच्या रुळांवर बसतो, आणि हे बागेतील छोट्या गाड्यांचे जगभर रुळलेले माप आहे. पुढच्या बाजूची गुरे सारणारी जाळी, मोठा दिवा, पितळी घंटा, चालकाची लाकडी खोली असा एकेक भाग जुन्या छायाचित्रांवरून घडवला जातो. त्यामुळे एका दुर्गम राज्यातील विस्मृत रेल्वे आज अनेकांच्या बागांतून धावते. ग्वाल्हेरचे माप तेच, आणि त्याची इंजिनेही त्याच प्रमाणात घडवता येतील. त्यासाठी मूळ इंजिने, डबे, नकाशे आणि कारखान्यातील मोजमापे टिकली पाहिजेत.

चांदीची गाडी टिकली, कारण ती चांदीची होती आणि राजवाड्यात होती. १९६४ पासून ती संग्रहालयात लोकांसमोर आहे. लोखंडाच्या गाडीला असा राजाश्रय नव्हता. तिच्या वाट्याला भंगाराचा भाव येण्याची भीती कायमच राहते. माधवरावांचे मोठेपण मोजायचे तर मेजावरच्या गाडीकडे पाहून ते अर्धेच कळेल. जौरा आणि कैलारसच्या फलाटांवर पहाटे गाठोडी घेऊन उभ्या राहणाऱ्या तीन-चार पिढ्यांना ती गाडी काय होती, हे कळल्याशिवाय उरलेले अर्धे हाती लागत नाही.