रक्तातल्या सगळ्या पेशींची आई एकच, हे सांगणारा रशियन प्रोफेसर : अलेक्झांडर माक्सिमोव

आपल्या शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. एक तांबडी पेशी जगते जेमतेम १२० दिवस. प्लेटलेटचं आयुष्य तर आठ-दहा दिवसांचंच. म्हणजे रक्त हा एकदा भरून ठेवलेला साठा नाही, तो कारखाना आहे आणि त्याला सुट्टी नाही.

मग हा कच्चा माल येतो कुठून?

आज याचं उत्तर दहावीतला पोरगाही देईल. स्टेम सेल, मराठीत मूलपेशी. हाडांच्या आतल्या मज्जेत थोड्याशा मूलपेशी असतात. त्या दोन कामं करतात. एक, स्वतःसारखीच दुसरी पेशी बनवून आपला वंश चालू ठेवायचा. दोन, गरज पडेल तशी तांबडी पेशी, पांढरी पेशी, प्लेटलेट असं काहीही बनवायचं. तांबड्या पेशीला मात्र पुढे काहीच होता येत नाही, तिच्यात केंद्रकच उरलेलं नसतं. मूलपेशीचे पर्याय अजून उघडे असतात.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यावरून शास्त्रज्ञांमध्ये चांगलंच वाजलं होतं, आणि त्या भांडणाच्या मधोमध उभा होता अलेक्झांडर माक्सिमोव.

माक्सिमोवचा जन्म १८७४ चा, सेंट पीटर्सबर्गमधल्या एका सधन व्यापारी घरातला. शाळा जर्मन वळणाची, त्यामुळे जर्मन भाषा पक्की झाली. त्या काळात पेशींवरचं निम्मं विज्ञान जर्मनमध्येच लिहिलं जायचं, तेव्हा हे फार कामाला आलं. पुढे लष्करी वैद्यकीय अकादमीतून १८९६ मध्ये डॉक्टर झाला, काही काळ जर्मनीत शिकला आणि १९०३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याच अकादमीत प्रोफेसर झाला.

त्याची खासियत म्हणजे चित्रं. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायचं ते तो स्वतः काढायचा, आणि इतकं बारीक की त्यातली एकेक पेशी ओळखू यावी. पेशीवर तासन्‌तास डोळा लावून बसायची ही सवयच त्याच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

आता भांडण काय होतं ते बघा.

पॉल अर्लिक हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. रंग वापरून रक्तपेशी वेगवेगळ्या ओळखायची पद्धत त्याने आणली, १९०८ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. अर्लिक आणि त्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं असं की रक्तपेशींची दोन वेगळी घराणी आहेत. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी लसिका ग्रंथींमधून येतात, बाकीच्या मज्जेतून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

माक्सिमोवला हे पटत नव्हतं. पण नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही, म्हणून त्याने दोन वाटांनी पुरावा गोळा केला. पहिली वाट गर्भाची. सस्तन प्राण्यांच्या गर्भात रक्त पहिल्यांदा तयार होतं तेव्हापासूनचे टप्पे त्याने एकामागून एक तपासले आणि वेगवेगळ्या पेशी मागे जात जात एकाच जातीच्या पेशीपाशी पोचतात असं त्याला दिसलं.

दुसरी वाट जास्त भन्नाट होती. सशाच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या बांधल्या, तर काही काळाने त्या मूत्रपिंडात चक्क हाड तयार होतं, आणि त्या हाडात मज्जा! मूत्रपिंडात मज्जेचं काय काम? माक्सिमोवचा निष्कर्ष असा की रक्तातून फिरणारी एखादी साधीशी दिसणारी पेशी तिथे येऊन स्थिरावली आणि आजूबाजूची परिस्थिती मिळाली तशी मज्जा बनली. पेशी काय होणार हे तिच्या शेजारावरही ठरतं, हा विचार त्यात आहे. आज शास्त्रज्ञ मूलपेशीच्या या घराला निश म्हणतात.

१ जून १९०९ रोजी बर्लिनच्या रक्तशास्त्र संस्थेच्या सभेत त्याने हे मांडलं. सगळ्या रक्तपेशींची एकच सामाईक मूलपेशी आहे आणि ती गर्भातच नाही, तर जन्मानंतरही शरीरात असते. ती दिसायला लिम्फोसाइटसारखी असते.

इथे एक दुरुस्ती हवी. स्टेम सेल हा शब्द माक्सिमोवनेच काढला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते खरं नाही. स्टामत्सेले हा जर्मन शब्द अर्न्स्ट हेकेलने १८६८ मध्येच वापरला होता, पण सगळ्या सजीवांच्या एकपेशीय पूर्वजासाठी. त्याच्यानंतर इतरांनीही तो वेगवेगळ्या अर्थांनी वापरला. माक्सिमोवने त्याला रक्ताच्या बाबतीत आजच्याजवळचा अर्थ दिला, आणि तेही काही कमी नाही.

वाद मिटला नाही. कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती मेलेली, रंगवलेली पेशी. ती जिवंत असती तर पुढे काय झाली असती, हे चित्रातून सिद्ध करता येत नाही.

त्यातच १९१७ ची क्रांती झाली. यादवी युद्ध, उपासमार, जळणाचा तुटवडा. २० लाखांच्या वर वस्ती असलेल्या पेट्रोग्राडमध्ये १९२० पर्यंत सुमारे ७ लाख माणसं उरली. शेवटी १९२२ मध्ये माक्सिमोव कुटुंबासह गोठलेलं फिनलंडचं आखात बर्फावरून ओलांडून पळाला. वय ४८, मागे सगळी कारकीर्द. शिकागो विद्यापीठाने त्याला जागा दिली आणि तिथे त्याने पुन्हा कामाला सुरुवात केली. आता तो पेशी शरीराबाहेर जिवंत वाढवून त्यांचं काय होतं ते पाहत होता. नेमकं जे चित्रातून कळत नव्हतं, तेच.

हे काम फक्त सहा वर्षं चाललं. ४ डिसेंबर १९२८ रोजी हृदयविकाराने तो गेला, वय ५४.

पुरावा मिळायला १९६१ साल उजाडलं. टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी किरणोत्सर्गाने मज्जा निकामी केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी आल्या, आणि त्यात वेगवेगळ्या जातींच्या रक्तपेशी होत्या. १९६३ मध्ये गुणसूत्रांवरच्या खुणांवरून दिसलं की अशी एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते. सामाईक आई सापडली होती.

माक्सिमोव एका बाबतीत चुकला होता. साधी लिम्फोसाइट ही मूलपेशी नाही, ती स्वतःच एक तयार झालेली, रोगाशी लढणारी पेशी आहे. पण त्याच्या डोळ्यालाही फार दोष देता येत नाही. रक्ताची खरी मूलपेशी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी लिम्फोसाइटसारखीच दिसते. नुसत्या दिसण्यावरून ती आजही वेगळी काढता येत नाही, त्यासाठी पेशीवरच्या प्रथिनांच्या खुणा तपासाव्या लागतात.

ब्लड कॅन्सर किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला दुसऱ्याची मज्जा देतात ती याच पेशींच्या भरवशावर. दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडल्या की त्या फिरत फिरत हाडात जाऊन बसतात आणि सगळं रक्त नव्याने बनवू लागतात.

शिकागोत माक्सिमोव ऊतींवरचं पाठ्यपुस्तक लिहीत होता, ते त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. सहकारी विल्यम ब्लूमने ते पूर्ण केलं आणि १९३० मध्ये छापून आणलं. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पुढच्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर ब्लूम आणि फॉसेट ही नावं आली आणि माक्सिमोवचं नाव गेलं.