रांगेचे गणित

अनसिंगसारख्या गावी बँकेच्या खिडकीपुढे कधी दारापर्यंत रांग लागते, तर कधी खिडकी मोकळीच असते. केव्हा कोण येईल हे कोणास ठाऊक? अशा रांगांचे गणित प्रथम मांडणारे थोर गणिती म्हणजे डेन्मार्कचे आग्नर क्रारुप एरलांग.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील तेथेच शिक्षक होते. लहानग्या आग्नरला खेळापेक्षा वाचन प्रिय. थोरला भाऊ पुस्तक वाचू लागला की मेजाच्या पलीकडे बसून हा तेच पुस्तक उलटे वाचीत असे. चौदाव्या वर्षी एक कठीण परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्याने दोन वर्षे वडिलांच्या शाळेत शिकविले. १९०१ साली कोपनहेगन विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर एरलांग शिक्षक झाले.

पुढे गणिती योहान येन्सेन यांच्याशी परिचय झाला व १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आले. तेथे एक बिकट प्रश्न होता. तारा थोड्या ठेवल्या तर लोक ताटकळत. फार ठेवल्या तर पैसा वाया जाई. प्रत्येक माणूस केव्हा बोलेल हे सांगणे तर अशक्यच! एरलांग यांनी एकेकट्याचा विचार सोडून समुदायाचा विचार केला. तासाला सरासरी किती लोक तार मागतात आणि एक संभाषण सरासरी किती वेळ चालते, एवढ्यावरून त्यांनी कामापुरता अदमास बांधला. १९०९ साली त्यांचा पहिला निबंध व १९१७ साली प्रसिद्ध सूत्र प्रकाशात आले.

समजा, एका वेळी सरासरी दोन संभाषणांची मागणी आहे. मग दोन तारा पुरे, असे कोणासही वाटेल. परंतु या सूत्राप्रमाणे शंभरांपैकी चाळीस जणांस तार मोकळी मिळत नाही! पाच तारा ठेवल्या, तर मात्र सुमारे चौघांचीच निराशा होते. केवळ सरासरीवर विसंबणे किती फसवे, हे त्यांनी दाखवून दिले. ब्रिटिश टपाल खात्यानेही हे सूत्र स्वीकारले.

एरलांग अविवाहित राहिले. त्यांची राहणी साधी होती आणि गरजूंस ते सढळ हाताने साहाय्य करीत. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. १९४६ साली टेलिफोनवरील भार मोजण्याच्या परिमाणास त्यांचे नाव देण्यात आले. रुग्णालयात खाटा किती हव्यात, खिडक्या किती उघडाव्यात, हे ठरविताना आजही त्यांचे गणित उपयोगी पडते. इतरांचा खोळंबा टळावा म्हणून झिजलेली बुद्धी अशी चिरंजीव होते.