कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, १८ जून १९११, इंदूर – १९९८) या भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. अन्नातील प्रथिने, त्यांचे विघटन करणारी विकरे (एन्झाइमे) आणि त्या विकरांना रोखणारे पदार्थ हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते. त्यांचे बहुतांश संशोधन दक्षिण मुंबईतील इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत झाले.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण
कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे (आजची भारतीय विज्ञान संस्था) विद्यार्थी होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांतील बी.एस्सी. पदवी प्रथम क्रमांकाने मिळवली.

त्यानंतर त्यांनी बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे तत्कालीन संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही व प्रवेशाचा आग्रह धरला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, परंतु पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, कामाचा दर्जा पाहूनच पुढील मान्यता दिली जाईल आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटी त्यांच्यावर घालण्यात आल्या. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेने विद्यार्थिनींना प्रवेश देण्यास सुरुवात केली. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

केंब्रिज
१९३७ साली त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या ऊतींवर संशोधन केले. बटाट्यावरील प्रयोगांमधून त्यांनी पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींमध्येही असते, असे दाखवले. अवघ्या १४ महिन्यांत त्यांनी सुमारे ४० पृष्ठांचा प्रबंध सादर केला व १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

कारकीर्द
१९३९ साली भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जैवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले. पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक असताना त्यांनी जीवनसत्त्वांवर संशोधन केले. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत स्थायिक झाल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जैवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. मात्र ही नियुक्ती चार वर्षे लांबली आणि विज्ञानक्षेत्रातील लिंगभेद हे त्यामागचे कारण मानले जाते.

संशोधन
मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रामुख्याने गरिबांच्या आहारातील पदार्थ अभ्यासासाठी निवडले. नीरा, कडधान्ये आणि तांदळाचे पीठ हे त्यांतील तीन मुख्य गट होते.

आतड्यातील ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे पचन घडवते. कच्च्या कडधान्यांमध्ये त्याला रोखणारे पदार्थ असतात, त्यामुळे कडधान्यात प्रथिने भरपूर असूनही ती शरीराला पूर्णपणे मिळत नाहीत. सोहोनी यांच्या गटाने १९५० च्या दशकात भारतीय खाद्यपदार्थांतील असे रोधक शोधले आणि वाल व डबल बी यांतील रोधक शुद्ध करून त्यांचे गुणधर्म तपासले. उष्णतेने या रोधकांचा प्रभाव बराच कमी होतो. त्यामुळे वाल किंवा इतर कडधान्ये नीट शिजवूनच खाणे पोषणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

नीरा हा ताडवर्गीय झाडांचा गोड रस असून तो न आंबवता प्यायला जातो. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास केला. त्यात अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे व रस आटवून गूळ केल्यावरही हे घटक टिकून राहत असल्याचे त्यांना आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आरे दूध प्रकल्पाच्या प्रशासनाला त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला. दुधातील केसिन हे प्रथिन आम्लाने किंवा रेनेटमधील विकराने साकळते. चीज तयार करताना हीच क्रिया मुद्दाम घडवली जाते आणि ते मुरत असताना प्रथिने व मेद यांचे विघटन करणारी विकरे त्याला चव आणतात. साठवलेल्या दुधात अशाच क्रिया अनियंत्रितपणे झाल्या, तर दूध नासते किंवा कडवट होते. त्यामुळे दुधातील प्रथिने व विकरे यांचे ज्ञान शहराच्या दूधपुरवठ्यासाठीही आवश्यक असते.

ग्राहक चळवळ आणि लेखन
१९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या संस्थापक सदस्यांमध्ये सोहोनी यांचा समावेश होता. १९८२–८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. ‘कीमत’ या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. ‘आहारगाथा’ हे त्यांचे मराठी पुस्तक आहे.

निधन
१९९८ साली नवी दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयोजित केलेल्या त्यांच्या सत्काराच्या वेळी त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.