न्यूक्लीनचा शोधक : फ्रीडरिख मीशर

ज्ञानाचा उगम नेहमी रम्य स्थळीच होतो असे नाही. गुन्ह्याचा तपास आणि वन्य पशूंचे रक्षण या दोन्ही कार्यांत आज ज्या डीएनए द्रव्याचे साहाय्य होते, ते प्रथम हाती आले ते रुग्णालयातील पुवाने भरलेल्या पट्ट्यांतून! त्याचा शोध लावणाऱ्या फ्रीडरिख मीशर यांचे चरित्र मनन करण्याजोगे आहे.

मीशर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बाझेल नगरात १३ ऑगस्ट १८४४ रोजी झाला. वडील वैद्यकाचे प्राध्यापक, तर मामा विल्हेल्म हिस हे नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ. बालपणीच्या एका दुखण्याने मीशर यांची श्रवणशक्ती मंद झाली होती. १८६८ मध्ये ते वैद्यक परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु रुग्णाच्या हृदयाचे ठोके ज्याला नीट ऐकू येत नाहीत त्याने वैद्यकी कशी करावी? मामांच्या सल्ल्याने त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली आणि जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे होप्पे-झायलर या आचार्यांकडे ते दाखल झाले.

तेथील प्रयोगशाळा जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात होती. मीशर रुग्णालयातून टाकाऊ पट्ट्या आणीत, पुवातील पेशी धुऊन घेत आणि डुकराच्या जठरातील पाचकरसाने त्यांतील प्रथिने वेगळी करीत. पेशीच्या केंद्रकातून १८६९ मध्ये त्यांना एक अनोळखी द्रव्य मिळाले. त्यात फॉस्फरस विपुल होता आणि ते प्रथिनांहून निराळे होते. त्याला त्यांनी न्यूक्लीन हे नाव दिले. गुरूंना मात्र शंका आली. त्यांनी स्वतः सारे प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि मगच १८७१ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. शिष्याला थांबावे लागले. पण सत्य अधिक पक्के झाले.

पुढे बाझेल येथे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी ऱ्हाइन नदीतील सामन माशांच्या शुक्रपेशी अभ्यासास घेतल्या. द्रव्य नासू नये म्हणून ऐन हिवाळ्यात, गारठलेल्या खोलीत ते तासन् तास काम करीत. अतिश्रमाने देह खंगला. २६ ऑगस्ट १८९५ रोजी डावोस येथे क्षयाने त्यांचे देहावसान झाले. आपण शोधलेले द्रव्यच आनुवंशिक गुणांचे वाहक आहे, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. ते १९४४ मध्ये अमेरिकेत एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

१९८४ मध्ये इंग्लंडात ॲलेक जेफ्रीज यांनी या द्रव्यावरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली. तिच्या पहिल्याच खून-तपासात, गुन्हा कबूल केलेला एक तरुण निर्दोष ठरला आणि पुढे खरा अपराधी सापडला. आपल्या देशात हैदराबाद येथे संकटग्रस्त प्राण्यांसाठी याच शास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. जप्त केलेल्या कातड्याच्या वा मांसाच्या तुकड्यावरून तो प्राणी कोणत्या जातीचा हे तेथे ठरविता येते. शिजविलेल्या मांसाला हरणाचे की बकऱ्याचे असे विचारता येत नाही; न्यूक्लीन मात्र उत्तर देते, आणि शिकाऱ्याची सबब न्यायालयात टिकत नाही.

ज्यांच्या कानी रुग्णाच्या हृदयाचे ठोकेही स्पष्ट येत नसत, त्या मीशर यांनी मुक्या जिवांना अशी वाचा मिळवून दिली. फळ दिसत नसतानाही हातचे काम चोख करणाऱ्या या तपस्व्याचे स्मरण आपण ठेवू या.